बी खराब होतं की जमिनीत काही झालं? पेरण्याआधी घरीच उगवण तपासायची रीत

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. म्हापशाजवळच्या परसात तुम्ही मिरगाच्या पावसावर चार गोष्टी पेरल्या: कंपनीच्या पाकिटातली भेंडी, शुक्रवारच्या बाजारातलं तांबड्या भाजीचं (लाल माठाचं) सुटं बी, शेजारणीने दिलेली कारली आणि गेल्या वर्षी स्वयंपाकघरातल्या सुक्या मिरच्यांतून काढलेलं मिरचीचं बी. भेंडी अर्धी आली, तांबडी भाजी कुठे दाट तर कुठे टक्कल, मिरची जेमतेम तीन-चार रोपं आणि कारल्याचा पत्ताच नाही. आणि आता तुम्ही विचारताय की कुठल्या कंपनीचं बी चांगलं, आणि पाण्यात टाकून जे तरंगतं ते फेकायचं हे खरं का.

मी डिचोली बाजूला भाजीची रोपं करून विकतो, त्यामुळे बी हा माझ्या रोजच्या पोटापाण्याचा विषय आहे आणि कंपनीचा प्रश्न मला जवळजवळ रोज कोणीतरी विचारतं. पण खरं सांगू का, तुमच्या चारपैकी एकाच ठिकाणी कंपनीचा संबंध आहे, आणि तिथेही कंपनीला शिव्या घालण्याइतकं अजून तरी काही दिसत नाही. तुमचा खरा प्रश्न असा की हातात असलेलं बी आज जिवंत आहे का, किती टक्के जिवंत आहे, आणि ते नीट असून उगवलं नाही तर जमिनीत त्याचं काय झालं. ही तीन उत्तरं वेगवेगळी काढावी लागतात. सरळ मातीत पेरून वाट बघत बसलं की तिन्ही एकमेकांत मिसळतात आणि मग दोष द्यायला बी, माती, पाऊस, शेजारीण सगळेच मोकळे.

आधी पाकीट. लोक पाकिटावरचा फोटो बघतात, मी पाकीट उलटं करून मागची बाजू बघतो. तिथे लॉट नंबर, किमान उगवण टक्केवारी, शुद्धता, तपासणीची तारीख आणि मुदत छापलेली असते. बऱ्याच जणांना वाटतं कंपनीचं बी म्हणजे शंभर टक्के उगवणार, तसं नियमातच नाही. आपल्याकडे प्रमाणित बियाण्याला किमान उगवण लागते ती टोमॅटो आणि वांग्याला ७० टक्के, भेंडीला ६५, मिरचीला ६०, काकडी-दोडकी-कारली या वेलवर्गाला ६०, चवळीला ७५. म्हणजे भेंडीचे शंभर दाणे टाकले आणि पासष्ट आले तर ते बी कायद्याने पास आहे. प्रमाणित बियाण्याचं लेबल निळं असतं, आणि हिरवट लेबल असलं तर ते कंपनीने स्वतःच्या जबाबदारीवर विकलेलं बी, ज्याला ट्रुथफुल बियाणं म्हणतात. आपल्या दुकानांतली छोटी पाकिटं बहुतेक या दुसऱ्या प्रकारातली. त्यात वाईट काही नाही, फक्त तपासणी बाहेरच्या कोणी केलेली नसते एवढं ध्यानात ठेवा.

पण मुदतीपेक्षा मी तपासणीच्या तारखेकडे जास्त बघतो. मुदत साधारण तपासणीपासून नऊ महिन्यांची धरतात, आणि टक्केवारीचा तो आकडा लॅबमध्ये ज्या दिवशी मोजला त्या दिवसाचा असतो. डॉक्टरने मार्चमध्ये बघितलेलं बीपी आहे ते, आजचं नव्हे. त्यानंतर ते पाकीट ट्रकमधून आलं, गोडाऊनमध्ये पडलं, मग दुकानाच्या काचेच्या दारामागे उन्हात टांगलं गेलं. म्हणून एकच कंपनी, एकच जात, पण दोन दुकानांतली पाकिटं वेगळी उगवतात. मी दुकानात गेलो की रस्त्याकडच्या काचेला लटकवलेली पाकिटं घेत नाही, आतल्या कपाटातलं मागतो, फॉईलचं सीलबंद पाकीट असेल तर कागदीपेक्षा ते घेतो, आणि ज्या दुकानाचा माल भराभर खपतो तिथेच जातो. गुलाबी नाहीतर हिरवी पूड लावलेलं बी असतं त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, ते हाताळून झाल्यावर हात धुवा, पोरांपासून लांब ठेवा आणि उरलं तर कोंबड्यांना अजिबात टाकू नका.

आता गोव्याची खास भानगड म्हणजे दमट हवा. बी मेलेलं दिसत नसलं तरी ते हवेतला ओलावा सतत घेत असतं. बियाणेशास्त्रात हॅरिंग्टनचा म्हणून एक ढोबळ नियम आहे: बियांतला ओलावा एक टक्क्याने उतरवला की आयुष्य साधारण दुप्पट होतं आणि साठवणीचं तापमान पाच अंश सेल्सिअसने उतरवलं तरी पुन्हा दुप्पट. उलट्या बाजूनेही तेच, ओलावा चढला की आयुष्य निम्मं. त्याच्याच जोडीचा दुसरा हिशोब असा की फॅरनहाइटमधलं तापमान आणि हवेतल्या आर्द्रतेचे टक्के यांची बेरीज शंभराच्या खाली राहिली तर बी सुखात. आपल्याकडे जुलैत २७ अंश सेल्सिअस म्हणजे साधारण ८१ फॅरनहाइट, आर्द्रता ८५ धरली तर बेरीज १६६! अशा हवेत जूनमध्ये फोडलेलं पाकीट रबरबँड लावून फडताळात ठेवलं आणि ऑगस्टमध्ये परत काढलं, तर पाकिटावरच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही, मग मुदत पुढच्या वर्षाची असली तरी. कांद्याचं बी तर एका पावसाळ्यातच मान टाकतं, भेंडी-मिरची त्यापेक्षा थोडी बरी, टोमॅटो-वांगी-काकडी सगळ्यात चिवट.

पाण्यात तरंगायची परीक्षा. बी बुडालं याचा अर्थ ते भरलेलं आहे, पोकळ नाही. जिवंत आहे की मेलं हे पाण्याला कळत नाही. पाच वर्षांपूर्वीचं मेलेलं वांग्याचं बी छान बुडतं. उलट टोमॅटोच्या बियांवर लव असते म्हणून चांगलं बीसुद्धा तरंगतं, दुधी-कारल्याच्या टरफलाखाली हवा असते म्हणून तेही आधी वर राहतं आणि काही तासांनी खाली जातं, तांबडी भाजी तर इतकी हलकी की पाण्याच्या पृष्ठभागावरच बसून राहते. तुम्ही सगळं तरंगलेलं फेकलंत तर चांगलंही जाईल. ही रीत भाताला ठीक आहे, तिथे दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ घालून पळींज (पोकळ दाणे) वर काढतात, किंवा पिकल्या तवशातून (मोठ्या गावठी काकडीतून) ताजं बी काढताना पोचट दाणे वेगळे करायला. पाकिटातल्या बियांवर तो प्रयोग करू नका.

मग करायचं काय, तर कागदावरची उगवण चाचणी. याला लॅब लागत नाही, फक्त घाई करायची नाही.

पहिली गोष्ट, दाणे निवडून घेऊ नका. आपला हात आपोआप टपोऱ्या दाण्यांकडे जातो आणि मग टेस्टमध्ये नव्वद टक्के आणि वाफ्यात साठ. पाकीट हलवून सगळं बी ताटात पसरा, बोटाने चार भाग करा आणि प्रत्येक भागातून समोर येतील तसे सलग दाणे घ्या, वाकडातिकडा असला तरी. फुटलेला, किडीने पोखरलेला दाणाही त्या पाकिटाचाच आहे.

किती घ्यायचे? लॅबमध्ये चारशे घेतात. घरी एवढं परवडत नाही, भेंडीच्या पाकिटात मुळात असतात किती. पण दहा दाण्यांवर निकाल देऊ नका. दहातले आठ उगवले म्हणजे ८० टक्के असं आपण म्हणतो, पण गणिताने बघितलं तर खरी उगवण पंचेचाळीसपासून पंच्याण्णवपर्यंत कुठेही असू शकते, इतकी ती परीक्षा ढिली आहे. शंभरातले ऐंशी आले तर मात्र खरा आकडा सत्तर ते सत्याऐंशीच्या आत आहे असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. बी स्वस्त आणि भरपूर असेल, म्हणजे तांबडी भाजी, मुळा, अळसांदे (आपली गावठी टपोरी चवळी), तर शंभर घ्या. महागाच्या हायब्रीडचे वीस घ्या, पण मग तो अंदाज आहे हे लक्षात ठेवून. आणि टेस्टमध्ये उगवलेले दाणे वाया जातात असं नाही, मोड आलेले तसेच उचलून कपात लावता येतात.

कागद म्हणजे किचन टॉवेल दुहेरी, नाहीतर जुन्या धुतलेल्या सुती धोतराचा तुकडा. पूर्ण भिजवा, एका कोपऱ्याने उचलून धरा आणि थेंब पडायचे थांबेपर्यंत वाट बघा. मग अंगठ्याने दाबून बघा, बोटाभोवती पाण्याची कड जमली तर अजून जास्त ओला आहे. इथेच बहुतेकांचं चुकतं, कारण बियाला पाणी लागतं तसा श्वासही लागतो, आणि पाण्यात बुडलेलं कारलं दोन दिवसांत बुळबुळीत होतं. दाणे रांगेत ठेवा, दोन दाण्यांत दोन-तीन दाण्यांएवढी जागा सोडा म्हणजे एकाची बुरशी दुसऱ्याला लागणार नाही. वरून एक ओला थर, मग सैल गुंडाळी करा आणि ग्लासात उभी ठेवून वरून प्लॅस्टिकची पिशवी घाला, तोंड आवळून बांधू नका. उभी ठेवली की मुळं खाली जातात, कोंब वर येतात आणि मोजताना गुंता होत नाही. पेन्सिलीने नाव आणि तारीख लिहा, पेनाची शाई ओल्यात पसरते. तांबड्या भाजीला गुंडाळी नको, बशीत ओला पांढरा कागद, त्यावर बी आणि वरून झाकण, ओल्या टूथपिकने दाणे मोजायला सोपे जातात. जागा घरातली, ऊन न लागणारी. पावसाळ्यात आपल्याकडे घरात २५ ते ३० अंश असतंच, सगळ्या भाज्यांना ते मानवतं. डिसेंबर-जानेवारीत सत्तरी तालुक्याकडे रात्री थंडी पडते तेव्हा मिरची-वांगी सावकाश येतात, त्यांना चार दिवस जास्त द्या.

किती दिवस थांबायचं हे पिकावर. काकडी आणि चवळी आठ दिवसांत निकाल देतात. मुळा दहा. टोमॅटो, वांगी, मिरची, दुधी, दोडकी, कारली यांना चौदा दिवस द्यायला हवेत. भेंडी आणि कोथिंबीर तर नियमाने एकवीस दिवसांपर्यंत मोजतात, जरी चांगली भेंडी चार-पाच दिवसांतच बाहेर पडत असली तरी. लोक मिरचीला पाचव्या दिवशी उचलून फेकतात, तेव्हा ती नुकती जागी होत असते.

मोजताना नुसतं मूळ बाहेर आलं म्हणून टिक करू नका. मूळ धड आहे, देठ सरळ आहे, दोन दलं (बियातून आधी निघणारी जाड पानं) शाबूत आहेत, असं रोप मोजायचं. मुळाचं टोक तपकिरी पडलेलं, देठ काचेसारखा पारदर्शक झालेला, दलं कुजलेली, मूळच नसलेलं गोल वळलेलं रोप, ही सगळी न उगवलेल्यात धरायची, कारण मातीतून वर यायची ताकद त्यांच्यात नाही. आणि न उगवलेले दाणे टाकून देण्याआधी चिमटीत धरून दाबून बघा, यातूनच सगळ्यात जास्त कळतं. दाबल्यावर पिचकला, आतून पांढरट लापशी निघाली, तर मेलेला. दगडासारखा कडक, पाणी शोषलंच नाही, तर टरफल जाड आहे, आत जीव असू शकतो. आणि फुगलाय, घट्ट आहे, बुरशीही नाही पण कोंब नाही, तो झोपलेला. मेलेल्यावर उपाय नाही, बाकी दोघांवर आहे.

कडक टरफल भेंडीत नेहमीच मिळतं. रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी लावली की बराच फरक पडतो, त्याहून जास्त वेळ ठेवू नका. कारल्याला मी नेलकटरने टोकदार बाजूचं टरफल किंचित तोडतो, आतल्या पांढऱ्या गराला धक्का न लावता, मग चार-सहा तास भिजवतो. कोथिंबिरीचा दाणा चपलेखाली हलका रगडून दोन पाकळ्या करायच्या, कारण आत दोन बिया असतात. झोपलेलं बी म्हणजे बहुधा अगदी ताजं काढलेलं वांगं किंवा कारलं, त्याला महिना-दोन महिने कोरड्या जागी ठेवलं की आपोआप जागं होतं. म्हणून गेल्या आठवड्यात काढलेलं ताजं बी उगवलं नाही तर ते बाद समजू नका.

आणखी एक, टक्केवारीइतकंच बी किती झपाट्याने आलं तेही बघा. दोन पाकिटं दोन्ही ७५ टक्के, पण एकाचे सगळे कोंब दोन दिवसांच्या आत एकदम आले आणि दुसऱ्याचे दहा दिवस रडत रडत येत राहिले, तर दुसरं बी म्हातारं झालंय. कागदावर ते पास होईल, पण जुलैच्या सरींखाली लाल मातीत त्याचं काही खरं नाही. असं बी मी ट्रेमध्ये, छपराखाली कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) लावतो, जमिनीत नाही.

हा आकडा मिळाला की त्यावरून पेरायचं. समजा तुम्हाला भेंडीची ४० झाडं हवीत, कागदावर ७० टक्के आली. पावसाळ्यात जमिनीत त्यातली पाऊण धरा, म्हणजे साधारण ५२ टक्के. ४० झाडांना ७७ दाणे, म्हणजे खड्ड्याला दोन, सोपं आहे असं वाटतं. पण प्रत्येक दाणा आपल्या नशिबाने उगवतो, त्यामुळे काही खड्ड्यांत दोन्ही येतील आणि साधारण नऊ खड्डे रिकामे राहतील. तीन-तीन टाकले तरी चार-पाच रिकामेच. त्यापेक्षा दोन-दोन टाका आणि त्याच दिवशी दहा-बारा दाणे कागदी कपांत लावून ठेवा, खरी पानं दोन आली की रिकाम्या खड्ड्यात कपासकट, तळ फाडून बसवा. भेंडीचं सोटमूळ दुखावलं की ती रुसते, म्हणून मोठी होऊ देऊ नका. उगवण ५० च्या खाली आली तर जास्त दाणे टाकून भरपाई करत बसण्यापेक्षा मी बीच बदलतो, कारण जे उगवतं तेही अशक्त असतं. अपवाद एकच, जुनी गावठी जात असेल आणि दुसरीकडे मिळणारी नसेल तर दहा टक्क्यांतली दोन रोपंसुद्धा जपायची आणि त्यांचं नवं बी धरायचं.

आता कागदावर चांगलं आलं आणि जमिनीत नाही, तर काय? रिकाम्या जागी चमचा घालून हळूच उकरा. बी गायब असेल तर मुंग्या, उंदीर नाहीतर पाण्याने वाहून गेलं. बी आहे पण लापशी झालीय, तर पाणी साचलंय. कोंब फुटून वरच्या पापडीखाली वळून बसलाय, तर माती बसली किंवा खोल पेरलं, बियाच्या जाडीच्या दोन-तीन पटीपेक्षा खोल जायचं कारण नसतं. आणि वर येऊन मानेशी बारीक होऊन कोलमडलं असेल तर बुरशी, त्याला गादीवाफा (उंच केलेला वाफा), विरळ पेरणी आणि बियाला ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी चोळणं (किलोला चार-पाच ग्रॅम, म्हणजे आपल्या चिमूटभर बियाला चिमटीच्या टोकावर मावेल इतकंच).

यावरून तुमच्या चार वस्तूंकडे बघतो. दुरून बघतोय, तेव्हा तुमच्या जमिनीचा उतार, पाणी किती साचतं यावर थोडं इकडेतिकडे होईल.

तांबड्या भाजीचं बी मला चांगलंच वाटतं. एका ठिकाणी दाट आली म्हणजे जीव आहे. एका ग्रॅममध्ये हजाराहून जास्त दाणे असतात, चिमटीने सारखं पडत नाही, वर मुंग्या ओढून नेतात आणि मिरगाची एक सर आली की सगळं वाफ्याच्या खालच्या कडेला गोळा. बारीक वाळू किंवा राखेत मिसळून फेका, वरून झावळ्या टाका, कोंब दिसले की काढा. आणि सांगायचं तर ही भाजी पावसाळ्यात त्रासच देते, भात कापल्यावर वायंगणात, म्हणजे हिवाळी हंगामात, बघा कशी येते.

भेंडी अर्धी आली यात नवल नाही, वर हिशोब केलाच आहे. पाकिटावरची तपासणीची तारीख बघा आणि उरलेल्या दाण्यांची चाचणी लावा.

मिरचीचं बी बहुतेक स्वयंपाकघरातच मेलं. मसाल्याची मिरची मे महिन्यात पत्र्यावर नाहीतर स्लॅबवर कडकडीत वाळवतात, त्यात सगळ्याच पूर्ण पिकून लाल झालेल्या नसतात, आणि त्या उन्हात पत्रा इतका तापतो की आतलं बी भाजून निघतं. चांगलं बी फिकट सोनेरी असतं, तपकिरी काळपट असेल तर नको. बियासाठी झाडावरच पूर्ण लाल झालेली, निरोगी झाडाची मिरची वेगळी काढून सावलीत वाळवायची, मग ती हरमलची असो की काणकोणकडची खोल्याची.

कारल्याबाबत शेजारणीला एक गोष्ट विचारा, फळ झाडावर पिवळं-केशरी होऊन फुटलं होतं का? भाजीच्या हिरव्या कारल्यातलं पांढरं मऊ बी वाळवून दिलं असेल तर ते कधीच उगवणार नाही, काही करा. पिकल्या कारल्यातलं बी तपकिरी, कडक, आणि बाहेरचा लाल गर चोळून धुतलेला असायला हवा. तसं असेल तर नेलकटर आणि कागद.

गावठी की हायब्रीड, हे तुम्ही विचारलं नाही पण पुढचा प्रश्न तोच असतो म्हणून थोडक्यात. हायब्रीडचं बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर झाडं नाना तऱ्हेची येतात, तिथे दरवर्षी विकतच घ्या. गावठीचं धरा, पण शेजारी काय लावलंय ते बघून. आपली सात शिरांची भेंडी घ्या, तिला मधमाश्या फिरतात, बाजूला पाच शिरांची हायब्रीड असली की दोन-तीन वर्षांत शिरा घटायला लागतात आणि लोक म्हणतात बी बिघडलं. ज्या फुलाचं बी हवंय त्याच्या कळीला आदल्या संध्याकाळी कापडाची छोटी पिशवी बांधली की काम झालं, भेंडी स्वतःच्याच परागावर धरते. टोमॅटो आणि चवळीला एवढी भीती नाही. काकडी-दोडकीला मात्र नर फूल तोडून हाताने लावावं लागतं आणि मादी फूल आधी-नंतर बांधून ठेवावं लागतं, नाहीतर मधमाशी कुठून काय आणेल सांगता येत नाही.

साठवण. जुन्या घरांत तवशाचं बी राखेत चोळून चुलीवरच्या भिंतीला थापायचे, आणि ते टिकायचं, कारण वर्षभर तिथे धूर आणि कोरडी ऊब असायची. आता गॅस आला, भिंत तीच पण पावसाळ्यात ओल धरते, त्यामुळे ती रीत जशीच्या तशी चालत नाही. बी सकाळच्या कोवळ्या उन्हात किंवा पंख्याखाली वाळवा. दुधी-काकडीचं बी वाकवल्यावर वाकलं तर ओलं, कटकन मोडलं तर तयार. मग घट्ट झाकणाची काचेची बरणी, तळाला सिलिका जेल नाहीतर कोरडे भाजून गार केलेले तांदूळ पुरचुंडीत, वर बी कागदी पाकिटांत, आणि बरणी फ्रिजच्या खालच्या खणात. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, तासभर तशीच ठेवा, नाहीतर गार बियांवर दमट हवेचं पाणी धरतं आणि सगळी मेहनत गेली. चवळी-अळसांद्यात भुंगा अंडी घेऊनच शेतातून येतो, ते बी चांगलं वाळवून राखेत ठेवा.

शेवटी तक्रारीचं. चाचणीत भेंडी खरोखरच ६५ च्या खूप खाली आली आणि पाकीट मुदतीत असेल, तर बिल, रिकामं पाकीट आणि लॉट नंबर टाकू नका, कागदाचा तारखेसकट फोटो काढा आणि आधी दुकानदाराला दाखवा, तो बहुधा बदलून देतो कारण त्याच लॉटची आणखी पाकिटं त्याच्याकडे असतात आणि त्यालाही ते कळायला हवं असतं. नाही ऐकलं तर तुमच्या तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात जा. पण फोडलेल्या पाकिटातलं बी नमुना म्हणून कोणी धरणार नाही, तेव्हा जाताना त्याच लॉटचं एक न फोडलेलं पाकीट विकत घेऊन सोबत न्या.